न चाळलेली माती

१८ सप्टेंबर, बुधवार

माती आली एकदाची. राई गावच्या खाडीकाठची, ओहोटीला खणून घेतलेली, काळी, चिकट आणि वासाची. टेम्पोवाल्याने गोण्या शेडमध्ये टाकता टाकता विचारलं, "मॅडम, इस कीचड़ का करोगे क्या?" म्हटलं, "औरतें बनाऊंगी." त्याने पटकन गाडी काढली.

नोव्हेंबरात फोर्टच्या गॅलरीत माझं प्रदर्शन आहे.  शिल्पकला शिकून पंचवीस वर्षं झाली, आणि भाईंदर पूर्वेत मला ओळखतात मातीची कानातली विकणारी, कानातलेवाली म्हणून. लिफ्टमध्ये भेटलेल्या बायका आधी माझ्या कानांकडे बघतात, मग तोंडाकडे. पन्नाशीला टेकले मी. या वेळी नाही जमलं तर पुन्हा कोणी विचारणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

पाच डोकी करायची आहेत, मासळी विकणाऱ्या पाच खऱ्याखुऱ्या बायकांची. प्रत्येकीच्या कानात, गळ्यात दागिने, तेही मातीचेच. दागिने ॲमंडा करणार. ॲमंडा उत्तनची, माझ्याहून बरीच लहान. राईतली ही शेड आणि विजेची भट्टी आम्ही दोघी मिळून चालवतो. पाचांतली एक तिची आईच आहे, ग्रेसीमावशी.

मावशी संध्याकाळी माती बघायला आली, नाकाला पदर लावून.

"ही कुठली आणलीस बाय? जुन्या धक्क्याजवळची?"

"हो."

"तिथं तर आमी साऱ्या जणी कालवं फोडायला बसायचो. घाण हाय ती माती. पाय कापतात तिथं."

मी तर हरखलेच. ज्या मातीवर या बायका वर्षानुवर्षं बसल्या, तिचेच त्यांचे चेहरे! गॅलरीच्या संपदाला फोनवर हे सांगितलं तर ती कितीतरी वेळ "वा, वा" करत होती.

२२ सप्टेंबर, रविवार

ॲमंडाचं एकच टुमणं. "ताई, चाळून घेऊया ना. यात कवचीचा चुरा आहे, बघा." तिने एक गोळा पाण्यात कालवून ओढणीतून गाळला आणि उरलेलं माझ्या नाकाखाली धरलं. पांढरी कणी होती थोडी. असणारच. खाडी आहे ती.

म्हटलं, "चाळलेली माती म्हणजे मैदा. मला मैद्याच्या बाया नाही करायच्या."

ती हसली. मग म्हणाली, "ठीक आहे, डोक्यांचं तुम्ही बघा. दागिन्यांना मी आपली दुकानची माती घेते."

घेऊ दे. तिचं काम तसंच आहे, नीटनेटकं. एकेक मणी चमच्याच्या पाठीने घासत बसते, तो चकाकेपर्यंत. भोकं सुईने पाडते, सुकताना वाकडी होतील म्हणून दोनदोनदा तपासते. माझं काम अंगठ्याचं. मातीत थोडं खरखरीत काही लागल्याशिवाय माझ्या अंगठ्याला चेहरा सापडत नाही. हाताला लागले ते मोठे तुकडे मी काढलेच आहेत. बारीक चुऱ्याने काय होतंय?

५ ऑक्टोबर, शनिवार

चार डोकी सुकायला ठेवली. आज मावशी बसली होती.

मी चेहरा मानेपासून सुरू करते. मातीच्या वळ्या एकावर एक चढवत, आतून पोकळ, बोटाएवढी जाड भिंत ठेवत वर जायचं. मान बरोबर जमली की माणूस कुठे बघतंय ते आपोआप कळतं. पण मावशीची मान एका जागी राहील तर शपथ. खिडकीबाहेर कोण चाललंय, त्याच्या हातात काय आहे, कोलंबी आहे की जवळा, सगळं तिला हवं. दुपारी कंटाळून म्हणाली, "माझ्या तोंडात काय हाय गो एवढं बघण्यासारखं?" मला त्या क्षणी तिच्या ओठांची कड मिळाली. फार सुंदर क्षण होता.

जाताना ॲमंडा मागे येऊन उभी राहिली. "आईचा डावा कान खाली आहे, ताई. सोन्याच्या वजनाने ओढला गेलाय." बघितलं, खरंच होता. मी दुरुस्त केला. मला ते पुढे दिसलंच असतं म्हणा.

१९ ऑक्टोबर, शनिवार

निमंत्रणाची कार्डं छापून आली. विटकरी रंग, वर ठसठशीत अक्षरांत 'खाडीच्या बाया', खाली माझं नाव. दोन नावं टाकायचा विचार होता, पण संपदा म्हणाली की एकच नाव लोकांच्या लक्षात राहतं. गॅलरी तिची, तिला कळतं. ॲमंडाचं नाव आत दागिन्यांच्या पाटीवर येईलच. म्हणजे यावं, असं मी सांगणार आहे.

ॲमंडाने कार्ड उलटून पालटून बघितलं. "रंग छान आहे," म्हणाली आणि परत घासायला बसली. बराच वेळ नुसता चमच्याचा आवाज. तिला मत्सर वाटला असेल का? माणूस आहे, वाटणारच. मी मनाला लावून घेतलं नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

भट्टी उघडली. चारही डोकी अखंड! एकीलाही तडा नाही. रंग असा, की तव्यावरून नुकती उतरवलेली नाचणीची भाकरी. ॲमंडाने चौघींना दागिने घातले. माशाच्या कल्ल्यांसारखी कानातली, आणि जाळ्याच्या गाठींसारख्या मण्यांचे हार. दागिने चढल्यावर त्या बाया श्वास घ्यायला लागल्यासारख्या वाटल्या. मी चक्क रडले. ॲमंडाने माझा खांदा धरला, तीही रडत होती.

मावशीचं डोकं तेवढं कच्चं आहे. मन भरत नाही, रोज थोडं काम करते. ते शेवटी एकटंच भाजीन.

३० ऑक्टोबर, बुधवार

दिवाळीची खरेदी टाकून सकाळीच शेडवर गेले, तर पहिल्या डोक्याच्या गालाला टवका. वाटाण्याएवढा खड्डा, त्याच्या तळाशी पांढरा ठिपका. खाली कपची पडलेली.

काल कुलूप ॲमंडाने लावलं होतं. विचारलं तर म्हणते, "मी हातसुद्धा नाही लावला, ताई." धक्का लागला असेल आणि कळलं नसेल. होतं असं. खड्डा बुजवीन.

४ नोव्हेंबर, सोमवार

आता तीन डोक्यांवर खड्डे आहेत. एकीच्या कपाळावर दोन, एकीच्या हनुवटीवर, आणि तिसरीच्या बरोबर ओठावर! एखाद्या टोकदार हत्याराने टोचावं तसे. प्रत्येक खड्ड्यात तो पांढरा ठिपका आहे. म्हणजे हत्यार तेच असणार. ॲमंडाच्या टेबलावर मणी टोचायचा दाभण पडलेला असतो.

असं लिहावंसं वाटत नाही. पण किल्ल्या दोनच आहेत. एक माझ्याकडे, एक तिच्याकडे. दिवाळीत मी आलेच नव्हते, ती येत होती. तिचे दागिने मात्र धड आहेत, एका मण्यालाही ओरखडा नाही. आणि कार्ड बघितल्यापासून ती नीट बोलत नाही.

यतीनला सांगितलं. नवरा आहे, बाजू घेईल असं वाटलं. तर म्हणतो, "सहा वर्षं ज्या बाईच्या डब्यातलं जेवलीस ती असं करेल?" मी म्हटलं, कलेच्या क्षेत्रात काय काय चालतं ते बँकेत बसून कळायचं नाही. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

६ नोव्हेंबर, बुधवार

शेडच्या दारात नवीन लॅचचं कुलूप बसवून घेतलं. दुसरा उपाय नव्हता. प्रदर्शनाला दोन आठवडे राहिलेत आणि मी काही दगडाची नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

ती आली तेव्हा मी आत होते. दार ओढून घेतलेलं होतं. बाहेर तिची किल्ली कुलपाशी झटापट करतेय, तिला वाटतंय अडकलं असेल. "ताई, अहो, किल्ली लागत नाहीये." मी दार उघडलं.

"कुलूप बदललंय," मी म्हटलं.

"का?"

मला साधंसं काही बोलायचं होतं. तोंडून आलं, "ते तुला माहीत असेल."

तिला आधी कळलंच नाही. मग तिने माझ्या खांद्यावरून आत डोक्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी वाट बघत होते की ती चिडेल, ओरडेल. अपराधी माणूस ओरडतो. ती ओरडली नाही. आत येऊन तिने एकेकीच्या कानातून, गळ्यातून दागिने काढले, कापसात गुंडाळले, डब्यात भरले. फार सावकाश करत होती. मावशीच्या कच्च्या डोक्याजवळ जरा थांबली. जाताना जुनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

"तुम्ही मला विचारायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाली.

गेली ते बरं झालं. निदान आता काम सुरक्षित आहे. पण जेवण गेलं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

काय लिहू.

सकाळी कुलूप उघडलं, माझं, नवीन. आणि चौथ्या डोक्यावर, जे अजून धड होतं, त्याच्या नाकावर खड्डा. पहिल्यांदा वाटलं, उंदीर. मग वाटलं, ती छपरावरून उतरली. लाज वाटते, पण खरंच वाटलं. छपराचे पत्रे तपासायला मी स्टुलावर चढले.

मी स्टुलावर असतानाच आवाज झाला. टक्. अगदी बारीक, तांदळातला खडा दाताखाली यावा तेवढा. बघितलं तर दुसऱ्या बाईच्या गालावरची कपची जमिनीवर पडलेली. शेडमध्ये माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

खड्ड्यातला पांढरा ठिपका नखाने खरवडला. भुगा झाला. का कोण जाणे, जिभेला लावला. जीभ चरचरली. ही चव मला लहानपणापासून माहीत आहे. वडिलांच्या पानाच्या डब्यातून चोरून चाटायचे मी. चुना.

कालवांच्या कवच्या भाजल्या की चुना होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी चुन्याची भट्टी लावली होती आणि तिला शिल्प म्हणत होते. तो कोरडा चुना हवेतला दमटपणा पितो, फुगतो आणि आतून ढकलतो. पांढरा ठिपका मीच याच वहीत दोनदा लिहून ठेवलाय.

"चाळून घेऊया ना, ताई."

१० नोव्हेंबर, रविवार

गुणवंतला फोन केला. कॉलेजात माझ्याबरोबर होता, आता नाशिककडे कुंभारकाम करतो. सगळं ऐकून आधी पोटभर हसला. "पंचवीस वर्षं झाली सुचेता, आणि तू माती न चाळता भट्टीत घातलीस?" मग शहाण्यासारखं सांगितलं. त्या चार डोक्यांचं आता काही होणार नाही, टवके उडायचे ते उडणार. कच्चं डोकं वाचू शकतं. भाजून झालं की पुरतं गार व्हायच्या आत पाण्यात बुडवायचं, पार आतपर्यंत पाणी प्यायला लावायचं. चुना तिथल्या तिथे विरतो, फुगायला कोरडा राहतच नाही. मात्र पाणी फार लवकर दाखवलं तर डोकं फुटेल, फार उशिरा दाखवलं तर उपयोग नाही. "आणि एकटीने करू नकोस. पोकळ डोकं तरंगतं. एकीने मान धरायची, दुसरीने वरून दाबायचं."

मावशीचं डोकं हे पाचांतलं सगळ्यांत चांगलं आहे. आजवर मी केलेल्यांतलंही. ते गेलं तर प्रदर्शनात टवके उडालेल्या चार बायाच उरतील.

यतीन कामासाठी नागपूरला गेलाय, पंधरा तारखेशिवाय येत नाही. आणि खरं सांगायचं तर त्याने तपेली धरली तरी मला धास्ती वाटते. भट्टीची नस कळणारी एकच आहे. फोन हातात घेऊन बसले, नंबर लावला नाही. मेसेज केला: 'मावशीचं डोकं गुरुवारी भट्टीतून काढायचंय. बुडवावं लागेल. दोन माणसं हवीत.' वाचल्याची खूण आली. उत्तर नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आली. बरोबर वेळेला, हातमोजे घेऊन. मी चहाचं विचारलं तर मान हलवली.

पाण्याचा मोठा टब भरून ठेवला होता. भट्टीचं दार तिनेच किलकिलं केलं, हात आत धरून अंदाज घेतला, "अजून नाही" म्हणाली. आम्ही उभ्या. दोन बायका इतक्या जवळ उभ्या राहून इतकं कमी बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. मध्ये मी म्हटलं, "ते खड्डे मातीमुळे पडले होते." ती म्हणाली, "हो." म्हणजे सांगितलं मी तिला. आणखी काय सांगायचं असतं?

मग तिने खूण केली. मी मान धरली, तिने माथा, आणि डोकं तिरकं करून पाण्यात घातलं. सगळं पाणी एकदम चरचरलं. नाकातून, कानांच्या भोकांतून बुडबुडे. डोकं आमच्या हातांना वर रेटत होतं. "दाब," मी ओरडले, "दाब, ॲमंडा, वर येतंय!" आणि ती आपल्या आईचं तोंड पाण्याखाली दाबून, स्वतःचं तोंड भिंतीकडे फिरवून उभी राहिली. ओठ घट्ट मिटलेले. बुडबुडे थांबेपर्यंत तिने पाण्यात बघितलं नाही.

बाहेर काढलं. अखंड. पुसून फळीवर ठेवलं. मी कार्डाचा विषय काढला, दुसरी छापून घेते म्हटलं, तुझं नाव टाकून.

"नको," ती म्हणाली. "मी आईसाठी आले होते."

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्घाटन झालं. लोक बऱ्यापैकी आले. चार डोक्यांचे खड्डे बुजवायचे होते, पण संपदा म्हणाली राहू देत, लोकांना असं आवडतं. खरंच आवडलं. एक गृहस्थ खड्ड्यांवर इतकं गहन बोलले की मी खाली मान घालून ऐकलं.

पण सगळे शेवटी मावशीसमोरच थांबत होते. तिच्यावर एक ओरखडाही नाही. संपदा सांगत होती, सोमवारी एक मोठे समीक्षक खास तिच्यासाठी येणार आहेत, त्यांनी लिहिलं की समजायचं जमलं. मला आनंद व्हायला हवा होता. एका शाळकरी मुलीने विचारलं, "यांच्या कानात भोकं आहेत, मग कानातलं का नाही?" मी तिला पाणी कुठे मिळेल ते दाखवलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

मावशी आली. चर्च आटोपून, ठेवणीतलं लुगडं नेसून, अंगावर सगळं सोनं घालून, एवढ्या लांब एकटी. संपदा तर वेडीच झाली, फोटो काढायला धावली, उद्या मोठे समीक्षक खास तुमच्यासाठी येणार हेही तिला सांगून टाकलं. मावशी आपल्या तोंडासमोर उभी राहून खुदुखुदु हसली. मग हसू थांबलं.

"कान मोकळं का ठेवलंस गो?"

मी फळीवरची नसलेली धूळ पुसली.

"ॲमंडा बोलली, दागिनं मापात बसलं न्हाय. तिचं माप कधी चुकत न्हाय. काय झालं?"

म्हणजे तिने घरी सांगितलंच नव्हतं. माझी अब्रू तिने सांभाळली होती, आणि मी तिला एवढंही विचारलं नव्हतं की तू कशी आहेस. मला रडू आवरेना. तिथेच, लोकांसमोर, सगळं सांगितलं. टवके, दाभण, कुलूप, दारात अडवलेली तिची लेक.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. "कुलूप बदललंस," ती म्हणाली. "माझ्या पोरीला." आवाज चढला नाही. "मग माझं तोंड नको इथं. पोरगी बाहेर आन् आई आत, असं न्हाय चालत आमच्यात."

आणि गेली. फोटोसाठी थांबली नाही.

संपदा म्हणते, उद्या समीक्षक येऊन जाऊ दे, मग काय ते बघ, एका दिवसाने काय बिघडतंय. बरोबरच आहे तिचं. गेली पंचवीस वर्षं मी या एका दिवसाची वाट बघतेय.

२५ नोव्हेंबर, सोमवार

गॅलरी उघडायच्या वेळेला मी दारात होते. संपदाने पाहिलं आणि काय ते समजली. आधी समजावलं, मग हात जोडले, मग म्हणाली, "यापुढे माझ्याकडे येऊ नकोस." मी डोकं जुन्या चादरीत गुंडाळलं. फळीवर रिकामी जागा कशी दिसते ते बघायला थांबले नाही, थांबले असते तर परत ठेवलं असतं.

टॅक्सीत मांडीवर घेऊन बसले. डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. काही मावशीसाठी होतं, काही ॲमंडासाठी, आणि बरंचसं त्या समीक्षकासाठी. खोटं कशाला लिहू?

उत्तनला पोचले तेव्हा अंगणात बोंबील वाळत घातले होते. दार ॲमंडाने उघडलं. हातात फडकं, लुगडं खोचावं तसा ड्रेस वर खोचलेला. तिने चादरीकडे बघितलं आणि तिला कळलं आत काय आहे ते.

"आज तर ते येणार होते ना?" ती म्हणाली.

"हो."

मग मी बोलले. रस्ताभर ठरवलेलं काहीच आठवलं नाही. "मी चुकले, ॲमंडा. मातीचं नाही म्हणत मी. तुझ्याबद्दल असं वाटलंच कसं मला, तेच कळत नाही. कार्डावर तुझं नाव नव्हतं तेही मीच होऊ दिलं, संपदाने नाही. माफ कर. नाही केलंस तरी हे ठेवून जाते."

 पुढे होऊन तिने माझ्या हातातून आईचं डोकं घेतलं, लहान मूल घ्यावं तसं, एक हात मानेखाली. आतून मावशीचा आवाज आला, "कोन हाय गो?" ॲमंडा वळून आत निघाली. मी तशीच उंबऱ्याबाहेर, रिकामे हात कुठे ठेवायचे ते न कळून.

चारपाच पावलं गेल्यावर ती मागे न बघताच म्हणाली, "चपला बाहेर काढा, ताई. लादी आत्ताच पुसलीय."